निळ्या दाराचा पत्ता

२००६ सालच्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यान, कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या एका घराच्या दारावर कुणीतरी गाडीचं जळकं ऑइल ओतलं. दार निळं होतं. ऑइल प्लास्टिकच्या कॅनमधून आणलं होतं. कॅन उंबऱ्यापाशी टाकलेला सापडला. दाराशेजारी दोरीवर वाळत घातलेला पांढरा ॲप्रन आणि खाली ठेवलेली फुटबॉलच्या बुटांची जोडी काळी झाली. भिंतीवर ऑइलात बोट बुडवून एक शब्द लिहिला होता. तो माणसाच्या रंगावरून होता. घरात त्या वेळी कुणी नव्हतं. इजा कुणाला झाली नाही.

ॲप्रन आणि बूट भाडेकरूचे होते. भाडेकरू टांझानियाचा, वय बावीस, फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आणि आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाचा पुढच्या फळीतला खेळाडू. पेठेत त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. पाठीवरच्या आकड्यावरून सगळे 'नऊ नंबर' म्हणत. तोही त्याला ओ देई.

मी तेव्हा शहरातल्या एका दैनिकात वार्ताहर होतो. शहर आणि खेळ ही दोन्ही पानं माझ्याकडे होती. घटना घडली तेव्हा मी पाणीपुरवठ्याच्या एका सभेत बसलो होतो. त्या घरी पोचलो तो एक वाजून दहा मिनिटांनी. वहीत तशी नोंद आहे.

घरमालकीण साठीच्या, विधवा. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, सीमेवरचं, म्हणून सगळी पेठ त्यांना आक्का म्हणे. राग आला की त्या कानडीत बोलत. मी गेलो तेव्हा मेथीची जुडी काखेत धरून त्या दारासमोर उभ्या होत्या आणि कानडीतच बोलत होत्या. मला बघितल्यावर मराठीत आल्या. पहिलं वाक्य ॲप्रनबद्दल होतं. उद्या पोराचं प्रॅक्टिकल आहे आणि ह्या डागाला कुठला साबण लागतो, हे त्यांना हवं होतं. मला ठाऊक नव्हतं.

शेजारच्या घरात त्यांचे धाकटे दीर राहत. ते बाहेर आले, भिंतीवरचा शब्द वाचला आणि म्हणाले, "वैनी, आज दारावर आलंय, उद्या आत येतंय. पोराला म्हणावं, दुसरीकडं बघ."

"रविवारी सांगते," आक्का म्हणाल्या. "तवर मला कुणी शिकवायचं न्हाई."

हे दुसरीकडं बघणं म्हणजे नेमकं काय, ते सांगायला हवं. परदेशी विद्यार्थ्याला दरवर्षी पोलिसांकडे नोंद करावी लागे. त्या नोंदीला घराचा पत्ता आणि घरमालकाचं पत्र लागे. त्याची नोंद मार्चमध्ये संपत होती. २००३ साली तो आला तेव्हा सात घरांनी त्याला खोली नाकारली होती. पाच ठिकाणी आधी फोनवर हो म्हणून, चेहरा बघितल्यावर. आठवं घर आक्कांचं. त्यांनी विचारलेला प्रश्न एकच होता, ताकात मीठ चालतं का. त्यामुळे आता आक्कांनी नाही म्हटलं तर पत्र नाही, पत्र नाही तर नोंद नाही आणि नोंद नाही तर चौथं वर्ष नाही, इतका हा सरळ हिशेब होता. त्याला तो माहीत होता. आक्कांनाही होता.

तो दोन वाजता कॉलेजातून आला. दार बघितलं, भिंत बघितली आणि आधी बूट उचलून त्यांचे तळ तपासले. तळांना काही झालं नव्हतं. मी त्याला विचारलं, असं पूर्वी कधी झालं होतं का. तीन वर्षांत त्यानं आमची मराठी जशी होती तशी उचलली होती. त्याचं उत्तर मी शब्दशः लिहून घेतलं : "ग्राउंडवर वरडत्यात की. पर तिथं तोंडं दिसत्यात मला. मग मी गोल मारतो. ह्यो कोण हाय, कुठं बघू?"

मैदानात ओरडत, हे खरं होतं. फुटबॉलच्या सामन्याला आमच्याकडे पेठेच्या पेठा लोटतात आणि समोरच्या संघाच्या गोलकीपरच्या चुलत्यापासून सगळ्यांचा उद्धार होतो. रंगावरून ओरडलेलंही मी पत्रकार कक्षात बसून ऐकलं होतं. बातमीत कधी लिहिलं नव्हतं.

पेठेचा संघ चालवणाऱ्या आमच्या तालमीच्या दारात, रस्त्याकडच्या भिंतीवर, सिमेंटचा काळा फळा आहे. सामन्याचा निकाल, पाणी येणार नाही, कोण वारलं, कोण दहावीला पहिलं आलं, असं सगळं त्यावर खडूनं लिहिलं जाई. पलीकडच्या पेठेला टोमणेही त्यावरच. त्यांचाही फळा होता, त्यावर उत्तर येई. सकाळी दुधाला निघालेली माणसं दोन्ही फळे वाचून घरी येत. त्यामुळे आमच्या भागात दूध उशिरा पोचे.

१९९४ साली आमच्या फळ्यावर कुणीतरी निनावी लिहिलं, की पलीकडच्या गोलकीपरनं जेवणावर सामना सोडला. तो मजकूर कुणाचा हे शेवटपर्यंत कळलं नाही. मारामारी मात्र झाली आणि दोन्हीकडची मिळून चार डोकी फुटली. त्यानंतर तालमीनं नियम केला आणि फळ्याच्या तळाला ऑइलपेंटनं लिहून ठेवला : नाव नसलेला मजकूर लिहिला जाणार नाही. टोमणा कितीही झोंबरा असो, खाली देणाऱ्याचं नाव हवं. पलीकडच्या पेठेनं महिन्याभरात तोच नियम उचलला, पण आमच्यावरून उचलला हे कबूल केलं नाही.

फळा लिहीत ते पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा. २००२च्या सुमाराला फ्लेक्स आले, पाट्यांचं काम कमी झालं आणि फळ्याचं अक्षर आणखी सुंदर होत गेलं. टोमणा घेऊन कुणी आला की ते आधी वाचत, हसू आलं तरच खडू उचलत. एका गृहस्थाचा टोमणा त्यांनी 'यात मजा न्हाई' म्हणून तीन वेळा परत पाठवला होता.

इंटरनेट पेठेत २००० साली आलं. तालमीपासून चार दुकानं सोडून एक एसटीडी बूथ होता, त्याच्या मालकानं आत चार कॉम्प्युटर टाकले. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांचे वडील टांग्याच्या घोड्यांना नाल मारत. टांगे गेले तसा त्यांनी बूथ काढला, मोबाइल आले तसा बूथ मोडून कॅफे. आमच्या घरात धंदा तिसऱ्या वर्षी जुना होतो, असं ते सांगत. पुढं पोलिसांनी येणाऱ्याचं नाव लिहून घ्यायला सांगितलं, म्हणून दारात वही ठेवली. ती वही मी बघितली आहे. एकाच दिवशी एका प्रसिद्ध क्रिकेटपटूनं तीत चार वेळा सही केली होती, चारही वेगळ्या.

२००५पासून मित्र जोडायच्या एका परदेशी साइटवर कोल्हापूर फुटबॉलचं पान सुरू झालं. पुण्यात, बंगलोरात, आखातात नोकरीला गेलेली मंडळी तिथं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. सुरुवातीचा मजकूर सामन्यांचा आणि तांबड्या रश्श्याचा होता. नावं खोटी, घेतलेली. कुणी 'पेठेचा वाघ', कुणी नुसताच 'वादळ'. नऊ नंबरनं नोव्हेंबरात पलीकडच्या पेठेवर दोन गोल केले, त्यानंतर मजकूर त्याच्या रंगावर आला. जानेवारीत तो 'ह्याला घालवला पाहिजे' इथपर्यंत पोचला. फेब्रुवारीत ऑइल पडलं.

पुढं एका प्राध्यापकांनी मला ह्या विषयावर लेख मागितला. इंटरनेटमुळे वंशद्वेष वाढतो, असं काहीतरी शीर्षक त्यांच्या मनात होतं. माझ्याकडे होता तो क्रम, वर दिला आहे तो. आधी काय आणि नंतर काय एवढं मी सांगू शकत होतो. एकामुळे दुसरं झालं, असं लिहायला लागतो तो पुरावा माझ्याकडे नव्हता. लेख दिला नाही.

शुक्रवारी सकाळी वस्ताद चाचांच्या कॅफेत गेले. वस्ताद म्हणजे तालमीचे प्रमुख, वय सत्तर, पूर्वीचे पैलवान. कॉम्प्युटरच्या खुर्चीत ते मावत नसत, म्हणून उभे राहिले. पोरांकडून त्यांना एवढंच कळलं होतं, की घाण लिहिलंय ते इंटरनेटवर आहे.

"चाचा, इंटरनेट भाईर काढा."

"किती काढू, वस्ताद?"

"सगळं."

मग चाचांनी फुटबॉलचं पान उघडून दाखवलं आणि छापायला घेतलं. एकशे चौदा कागद निघाले. शाई संपत आल्यानं शेवटचे तीस फिके. वस्तादांनी गठ्ठा हातात तोलला आणि विचारलं, आता तिथलं गेलं का. चाचा म्हणाले, तिथं आहे तसंच आहे. मग हा कसला कागद, असं वस्ताद बराच वेळ म्हणत राहिले. भाईर काढलेली वस्तू आत कशी राहते, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

नऊ नंबर तेव्हा तिथंच होता; त्याचं प्रॅक्टिकल दुपारी होतं. घरी मेल करायला तो आठवड्यातून दोनदा कॅफेत येई, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसे. गठ्ठा बघून तो म्हणाला, हे त्यानं सगळं वाचलंय. नोव्हेंबरपासून. इंग्रजी अक्षरांतलं मराठी त्याला आमच्या वडीलधाऱ्यांपेक्षा चांगलं वाचता येई. कुणाला का सांगितलं नाही, असं चाचांनी विचारलं. आक्कांच्या कानावर जाईल म्हणून, असं तो म्हणाला.

वस्तादांनी ठरवलं, की हा मजकूर फळ्यावर लिहायचा. रोज दोन-तीन, आणि खाली नावाला जागा सोडायची. पेठेचा असेल, पलीकडचा असेल, ज्याचा असेल त्यानं येऊन नाव लिहावं. पेंटरांना बोलावून घेतलं, ते आधी तयार नव्हते. असलं माझ्या खडूनं लिहिणार नाही, म्हणाले. वस्तादांनी नऊ नंबरला विचारलं. तो गठ्ठा चाळत होता.

"लिवा की," तो म्हणाला. "पर त्यो शब्द गाळा. आणि आपल्या पेठेचं बी लिवा."

"आपलं बी हाय यात?" वस्तादांनी विचारलं.

त्यानं तीन कागद काढून दिले.

शनिवारी सकाळी सात वाजता फळ्यावर तीन मजकूर होते. इंग्रजी अक्षरांवरून मराठी लावायला पेंटरांना आदली संध्याकाळ गेली होती. शब्द गाळून तिथं रेघ मारली होती. प्रत्येकाखाली 'लिहिणाऱ्याचं नाव' असं लिहून पुढं जागा सोडली होती. अक्षर नेहमीसारखं सुंदर होतं. पडद्यावर जे मोजक्यांना दिसलं होतं ते आता दुधाच्या किटल्या घेतलेल्या बायका मोठ्यानं वाचत होत्या. एकीनं दुसऱ्या मजकुरापाशी थांबून विचारलं, हे असलं बोलणाऱ्याला घरी जेवायला कोण घालतं. जवळ उभ्या असलेल्या दोन तरुणांनी वाट बदलली. दुपारपर्यंत नाव कुणी लिहिलं नाही.

संध्याकाळी सहा वाजता पलीकडच्या पेठेच्या तालमीचे अध्यक्ष आले. सोबत सहा माणसं. आमच्या कट्ट्यावरची मंडळी उठून उभी राहिली. अध्यक्षांनी चप्पल बाहेर काढली, ते बघून बसली.

"वस्ताद, तुमच्या फळ्यावर आमच्या पोरांचं म्हणून लिवलंय, असं कानावर आलं."

"आमी कुणाचं म्हणून लिवल्यालं न्हाई. नावाला जागा सोडलीया. पावणं, बसा की आधी."

चहा झाला. मग अध्यक्ष म्हणाले, त्यांना सगळे कागद बघायचे आहेत. त्यांचं असेल ते ते घेऊन जातील. त्यांनी टोपणनावं ओळखणारे दोघे आणले होते. आमच्याकडेही तसे दोघे निघाले. तालमीच्या आखाड्याशेजारी सतरंजी अंथरून एकशे चौदा कागदांची वाटणी सुरू झाली. तुमचा, आमचा, आखातातला. 'पेठेचा वाघ' आमचा निघाला. 'वादळ' पलीकडचा, आणि तो तिथंच, अध्यक्षांच्या मागं बसला होता. कागद निवडायला ज्यांना आणलं होतं त्यांतला एक. अध्यक्षांनी त्याच्याकडे बघितलं आणि तो कागद स्वतःच्या मांडीखाली ठेवला.

आखातातले ज्याच्या त्याच्या पेठेत घातल्यावर तासाभरात दोन थप्प्या झाल्या. आमची जाड होती. त्याचं कारण पुढं कळलं : जानेवारीत नऊ नंबरनं एक पेनल्टी घालवली होती आणि त्या रात्री आमच्याच लोकांनी पानंच्या पानं भरली होती. वस्तादांनी थप्पीवर तळहात ठेवून ती दाबली. अध्यक्ष म्हणाले, दाबून कमी होत नाही. दोघंही हसले. त्या दिवसातला दोन पेठांचा एकत्र हसण्याचा हा माझ्याकडे नोंदलेला पहिला प्रसंग आहे.

एक कागद उरला. तो अध्यक्षांच्या माणसांनी बाजूला काढला होता आणि आमच्या माणसांनीही. त्यात शिवी नव्हती. पत्ता होता.

"ह्यो आमचा न्हाई," अध्यक्ष म्हणाले.

"आमचा बी न्हाई."

वस्तादांनी कागद माझ्याकडे दिला. पत्रकार, तुम्ही वाचा, म्हणाले, माझा चष्मा घरी आहे. मी वाचायला लागलो. 'तालमीकडून शेवग्याच्या झाडाशी वळलं की तिसरं घर. दार निळं. मालकीणबाई रोज अकराला भाजीला निघतात, तेव्हा बाहेरच्या दोरीवर त्याचा पांढरा ॲप्रन वाळत असतो.' तिसऱ्या वाक्याला मी थांबलो. मजकूर ओळखीचा होता.

नोव्हेंबरातल्या त्या दोन गोलांनंतर मी रविवारच्या पुरवणीत नऊ नंबरवर लेख लिहिला होता. चांगला झाला होता. आक्कांनी तो कापून देवघरात ठेवला होता. मी नोकरीला लागलो तेव्हाच्या वृत्तसंपादकांनी शिकवलं होतं, की वाचणाऱ्याला बातमीवरून दारापर्यंत चालत जाता आलं पाहिजे. म्हणून मी गल्ली, झाड, दाराचा रंग, वेळ, दोरी, सगळं लिहिलं होतं. कागदावर त्यानं काही बिघडत नव्हतं. अंक वाचणाऱ्या पेठेला ते दार माहीतच होतं. पण त्या वर्षी आमच्या दैनिकाची वेबसाइट सुरू झाली होती आणि पुरवणी तीवर जात होती. कुणीतरी तिथून ती तीन वाक्यं इंग्रजी अक्षरांत उतरवून फुटबॉलच्या पानावर टाकली होती. एक शब्दही बदललेला नव्हता.

"ह्यो मजकूर माझा हाय," मी म्हणालो.

वस्ताद कागदाकडे बघत होते. अध्यक्षांच्या मागं बसलेल्या 'वादळा'नं पहिल्यांदाच मान वर केली. नऊ नंबर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानं हा कागदही आधी वाचलेला होता, आणि लेखही.

पेंटर उठले. "मग चला, पत्रकार. नियम हाय."

त्यांनी फळ्याचा खालचा कोपरा पुसला आणि पत्ता न लिहिता फक्त 'घराचा पत्ता छापला' एवढं लिहिलं. मी खाली नाव लिहिलं. वीस-पंचवीस माणसं बघत होती. पेंटरांनी माझं नाव वाचलं आणि म्हणाले, "येवढं शिकून अक्षर असलं?"

त्यावर हशा झाला. मग नऊ नंबर फळ्याजवळ आला. त्याला लेखाबद्दल काही बोलायचं असेल असं मला वाटलं. त्यानं एवढंच सांगितलं, की पुन्हा लिहाल तेव्हा वळणाच्या अलीकडं थांबा.

रविवारी सकाळी सातच्या आत फळ्यावर आणखी तीन नावं आली होती. दोन आमच्या पेठेतली, ज्याची त्याच्या अक्षरात. तिसऱ्यानं बंगलोरहून आईला फोन करून लिहायला सांगितलं होतं. आईनं त्याच्या नावापुढं घरातलं लाडाचं नावही लिहिलं. ते नाव इथं देत नाही, पण बंगलोरपर्यंत ते पोचलं, एवढं मला माहीत आहे.

नऊ वाजता पलीकडचे अध्यक्ष दोन तरुणांना घेऊन आक्कांच्या दारात आले. एकाचं वय तेवीस, दुसऱ्याचं चोवीस. एक उद्यमनगरात गॅरेजमध्ये कामाला होता; ऑइल तिथलं होतं. त्यांनी रॉकेल, भुसा, पॉलिशपेपर आणि रंगाचा एक डबा आणला होता. अध्यक्ष म्हणाले, पोरं कबूल झाली आहेत आणि आक्का सांगतील ते करतील. पत्ता कुणी दिला, असं मी विचारलं. दोघांनी चाचांच्या कॅफेत पडद्यावर वाचला होता. तिथं कुणी टाकला ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला आजही ठाऊक नाही.

आक्कांनी दोघांना पायरीवर बसवलं. नऊ नंबर आत आंघोळ करून बाहेर आला होता, त्याला हाक मारली आणि समोर उभं केलं.

"ह्याला जवळनं बघितलंय का कवा?"

"न्हाई आक्का," गॅरेजवाला म्हणाला. "स्टेडियमात. लांबनं."

"मग आता बघा. बघून झालं की घासायला लागा."

दोघांनी वर बघितलं. नऊ नंबर त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होता. थोड्या वेळानं गॅरेजवाल्यानं विचारलं, "त्या दिवशी डाव्या पायानं मारला न्हवं गोल?"

"दोनी बी डाव्यानं," नऊ नंबर म्हणाला. "तुमचा कीपर उजवीकडंच पडतोय."

"त्याला आमी कवापासून सांगतोय," दुसरा म्हणाला, आणि अध्यक्षांनी त्याला घासायला लावलं.

भिंत दुपारी एकपर्यंत स्वच्छ झाली. दाराचा निळा रंग पॉलिशपेपरनं निघून गेला. डब्यातला रंग उघडल्यावर तो पिवळा निघाला. गॅरेजमध्ये शाळेची बस रंगवून उरलेला. आक्का काही वेळ कानडीत बोलल्या. मग म्हणाल्या, लावा, ऑइलपेंट आहे तर टिकेल. दार पिवळं झालं. त्यामुळे इंटरनेटवरचा पत्ता एका बाबतीत चुकीचा ठरला.

दीर हे सगळं आपल्या ओट्यावरून बघत होते. रंग लावून झाल्यावर ते आले आणि म्हणाले, "वैनी, आज रविवार."

"म्हाईत हाय," आक्का म्हणाल्या. "पोरगं ऱ्हाणार. पत्र मी देणार. आणि भाऊजी, उद्यापास्नं अकरा वाजता भाजीला तुमी जायचं, मी दारात बसणार."

दीर दुसऱ्या दिवसापासून भाजीला जाऊ लागले. ते निवडून मेथी आणत, ती आक्कांना पसंत पडत नसे, आणि त्यावरून रोज सकाळी त्या गल्लीत मोठ्यानं बोलणं होई.

त्याच रविवारी दुपारी चार वाजता आमच्या पेठेचा सामना होता. स्वतःच्या बुटांचं ऑइल निघालं नव्हतं, म्हणून नऊ नंबर उसन्या बुटांत खेळला. बूट लहान होते. गोल झाला नाही आणि आम्ही शून्य-एकनं हरलो. मैदानात त्याच्यावर ओरडणं नेहमीइतकंच झालं. रंगावरून एक जण ओरडला, पूर्वेकडच्या गॅलरीतून. मी ते दुसऱ्या दिवशीच्या बातमीत लिहिलं, एका ओळीत. त्यावर कार्यालयात चार फोन आले, दोन बाजूनं, दोन विरोधात.

आमच्या वेबसाइटचं काम बघणारा माणूस फक्त सोमवारी येत असे. सोमवारी दुपारी चारला माझा लेख तिथून निघाला. मंगळवारच्या अंकात चौकटीत दोन ओळींची दिलगिरी छापली. पत्ता देणं चूक होतं, असं तीत म्हटलं होतं. परदेशी साइटला चाचांनी इंग्रजीत तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. तो मजकूर मी २००९ साली शेवटचा पाहिला, तेव्हा तो तिथंच होता.

आक्कांनी गुरुवारीच पोलिसांत अर्ज दिला होता. तो त्यांनी मागं घेतला नाही. दोन्ही तरुणांना ठाण्यात बोलावून जबाब घेतले गेले. त्यापुढं काय झालं याची नोंद माझ्याकडे नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नोंदीसाठी नऊ नंबर, आक्का आणि मी गेलो. आक्कांचं पत्र पेंटरांनी लिहून दिलं होतं. अक्षर बघून कारकुनानं विचारलं, हे छापलंय का. खाली आक्कांनी कानडीत सही केली. कारकुनानं एकदा वर बघितलं आणि शिक्का मारला.

चौथ्या वर्षाच्या परीक्षा २००७च्या मे महिन्यात झाल्या. निकाल जूनअखेर लागला. तो पास होता. जुलैत तो मुंबईमार्गे घरी गेला. तोपर्यंत पोलिसांकडे नोंदलेला त्याचा पत्ता तोच होता.